टायमिंग चेन वाजतेय? इंजिन खोलण्याआधी टेन्शनर बघा

मराठवाड्यात हिरो होंडाची सीडी १०० अजून रोजच्या कामात आहे. १९८५ मध्ये आलेली ही गाडी आजही दोन्ही अंगाला दुधाचे कॅन घेऊन, नाहीतर फवारणीचा पंप बांधून शेतवाटेने जाताना दिसते. नंतरची स्प्लेंडर त्याच घराण्यातली. ही इंजिनं साधी आणि चिवट आहेत, पण इतकी वर्षं राबल्यावर एक तक्रार हमखास येते: इंजिनाच्या डाव्या अंगाने खडखड. मिस्त्री कान लावतो, "टायमिंग चेन गेली" म्हणतो (इंजिनातली, वाल्वची वेळ राखणारी बारीक चेन), आणि चेन किटसोबत पॅकिंग सेट, कधी बोअर-पिस्टनही बिलात येतात.

नव्याने गाडीचं काम शिकणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. चेन बदलायचं ठरवण्याआधी टेन्शनर, म्हणजे चेनला ताण देणारा भाग, तपासा. तो किती पुढे सरकलाय, दाबल्यावर मागे येतो का, त्याच्या तोंडाचं रबर कसं झिजलंय, एवढ्यावरून आतल्या चेनची अवस्था बरीचशी कळते. त्यासाठी हेड (सिलेंडरचा वरचा भाग) उतरवावं लागत नाही.

कायद्याच्या हिशेबाने विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेलं वाहन. २०२१ मध्ये केंद्राने तसे नियम केले. इथे मी ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या आणि २००० च्या आगेमागे आलेल्या चार-स्ट्रोक गाड्यांबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे हाताखाली येणाऱ्या जुन्या गाड्या बहुतेक त्याच असतात.

तुमच्या गाडीला टायमिंग चेन आहे का?

राजदूत, जुन्या जावा-येझदी, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांना वाल्व नाहीत, वाल्व उघडणारा कॅम नाही, म्हणून टायमिंग चेनही नाही. तिथे आवाज येत असेल तर पिस्टन, रिंगा, क्रँकचं (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचं) बेरिंग किंवा क्लच बघावा लागेल. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला वाल्व आहेत, पण कॅम खाली असतो, तो गिअरवर फिरतो आणि वाल्व पुशरॉडने उघडतात. तिलाही टायमिंग चेन नाही. बुलेटच्या डाव्या कव्हरमधून चेनचा आवाज आला तर ती क्लचकडे जाणारी प्रायमरी चेन असते. तिचा ताण वेगळ्या पट्टीने ठेवतात, तो विषय निराळा.

ज्या चार-स्ट्रोक गाडीचा कॅम वर हेडमध्ये आहे आणि तो चेनने फिरतो, तिच्यासाठी हा लेख.

आत काय चालतं

क्रँक दोनदा फिरली की कॅम एकदा फिरतो. हा मेळ चेन राखते. सीडी १०० सारख्या इंजिनात ही बारीक चेन असते, पाव इंच पिचची, किटच्या पाकिटावर '२५एच' असं लिहिलेली. क्रँक चेनला एका बाजूने ओढते, त्यामुळे ती बाजू कायम ताठ राहते आणि परतीची बाजू सैल. या सैल बाजूवर टेन्शनर दाब देतो, म्हणजे चेन फडफडत नाही आणि दात सोडून उडी मारत नाही.

चेन 'लांबते' म्हणतात तेव्हा लोखंड ताणलं गेलेलं नसतं. कड्यांच्या पिना आणि बुशा झिजलेल्या असतात. एकेका कडीत केसाएवढी झीज, पण ऐंशी-नव्वद कड्यांची मिळून ती डोळ्याला दिसण्याइतकी होते. तेवढी ढिलाई टेन्शनर पुढे सरकून भरून काढतो. त्याची पुढे जायची मर्यादा संपली की मग कोणताही टेन्शनर लावा, आवाज जाणार नाही. टेन्शनर खराब असणं आणि टेन्शनरला जागाच न उरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्तीचा सगळा निर्णय या फरकावर होतो.

होंडाच्या या आडव्या सिलेंडरच्या इंजिनात आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं आहे: तेलाचा पंपसुद्धा याच चेनवर फिरतो. त्यामुळे चेनचं दुखणं नुसत्या आवाजापुरतं राहत नाही.

आवाज ओळखणं

नवख्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पाना हातात घ्यायची घाई नको. गाडी डबल स्टँडवर लावा, शांत जागा बघा, भिंतीपासून लांब उभे राहा. भिंतीवरून परतणारा आवाज फसवतो.

टायमिंग चेनचा आवाज बारीक साखळी पत्र्यावर घासावी तसा असतो, सळसळ आणि खडखड यांच्या मधला. तो एका तालात नसतो. संथ गतीवर जास्त येतो, थोडी रेस दिली की कमी होतो, आणि एक्सिलेटर झटकन सोडल्यावर इंजिन उतरताना पुन्हा जोरात येतो. उतरत्या गतीवरचा हा खडखडाट चेनची मोठी खूण आहे. सीडी १०० आणि तिच्या भावंडांमध्ये तो डावीकडून येतो, मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या टोकाला बसलेल्या चुंबकी चाकाच्या, कव्हरपासून हेडच्या गोल झाकणापर्यंतच्या पट्ट्यातून.

टॅपेटचा, म्हणजे वाल्वच्या टोकावरच्या स्क्रूच्या फटीचा, आवाज वेगळा. तो नियमित, टिक-टिक, शिवणयंत्रासारखा. रेस वाढवली की टिक-टिकही तेवढीच वाढते, आणि ती हेडवरच्या टॅपेट झाकणांपाशी सगळ्यात स्पष्ट येते.

पिस्टन सैल असेल तर सकाळी थंड इंजिनात खट-खट ऐकू येते आणि गरम झाल्यावर बरीच कमी होते. कनेक्टिंग रॉडचा आवाज जड, खोल, आणि ओझं ओढताना वाढणारा. दोन माणसं बसवून चढावर ऐका. औट्रम घाटात तर तो लपूच शकत नाही. असा ठोका ऐकू आला तर टेन्शनर विसरा, गाडी पुढे चालवू नका.

क्लच तपासायला सोपं: गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लच दाबा. आवाज बदलला किंवा थांबला तर तो क्लचकडचा आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी पॅकिंग गेलं असेल तर तिथूनही टॅपेटसारखी फट-फट येते. हेडला सायलेन्सर जोडतो तिथे काजळीचा काळा डाग दिसतोय का बघा.

जागा पक्की करायला लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक इंजिनावर टेकवा, मूठ कानाच्या हाडावर. आधी हेडचं डावं गोल झाकण, मग सिलेंडरची डावी बाजू, मग मॅग्नेट कव्हर, शेवटी उजवं क्लच कव्हर. सैल शर्ट, उपरणं, ओढणी फिरत्या भागांपासून दूर ठेवा आणि सायलेन्सरला हात लागू देऊ नका.

आवाज कधी येतो तेही लिहून ठेवा. सकाळी पहिल्या किकनंतर काही क्षण खडखड होऊन थांबत असेल, तर तेलावर चालणाऱ्या टेन्शनरमधलं तेल रात्रीतून उतरलेलं असतं. जुन्या गाडीत एवढं चालतं. हीच वेळ महिन्यागणिक वाढत गेली तर टेन्शनर उघडायची वेळ आली. गरम झाल्यावरही सतत वाजत असेल तर पुढचे टप्पे लगेच करा.

पहिला टप्पा: तेल

पाना नंतर, तेलाची काडी आधी. होंडाच्या या इंजिनात काडी पुसून नुसती आत टेकवायची, आटे फिरवून बसवायची नाही. तशीच पातळी बघायची. गाडी सपाट जागेवर, डबल स्टँडवर हवी.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. हवेवर थंड होणारं जुनं इंजिन त्या उन्हात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओझं घेऊन शेतवाटेने चालतं, तेव्हा तेल पातळ होतं आणि जीर्ण रिंगांतून जळतही जातं. सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात पातळी कुणी बघत नाही. टेन्शनर तेलावर चालतो, चेनही तेलावरच. तेल कमी, तर दोघंही उपाशी. तेल काळं, पाण्यासारखं झालं असेल तर बदला, गाडी आठवडाभर चालवा आणि पुन्हा ऐका. गाडीच्या पुस्तकात जो दर्जा दिलाय तोच घ्या. या गाड्यांत क्लचही त्याच तेलात बुडलेला असतो, म्हणून कारचं तेल टाकू नका. क्लच घसरायला लागेल.

जुनं तेल काढताना ते स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळून घ्या. काळे रबरी कण दिसले तर चेनला टेकणारा आतला रोलर किंवा टेन्शनरच्या तोंडाचं रबर झडतंय. चमकणारी ॲल्युमिनिअमची भुकटी दिसली तर सैल चेन आतल्या भिंतीला घासत असावी. असे कण निघाले की उजव्या कव्हरमधली तेलाची जाळीही धुवावी लागेल, नाहीतर ती चोंदून पंपाला तेल मिळणार नाही.

दुसरा टप्पा: टॅपेट

टॅपेट सैल असतील तर चेनचा आवाज नीट वेगळा काढता येत नाही, म्हणून आधी ते लावून घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. प्लग काढा, मॅग्नेट हाताने फिरवून 'टी' खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) केसवरच्या खुणेसमोर आणा. दोन्ही रॉकर (वाल्व दाबणारे हात) किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर मॅग्नेट आणखी एक फेरा फिरवा. सीडी १०० च्या इंजिनाला दोन्ही टॅपेटची फट ०.०५ मिमी. इतर गाड्यांना पुस्तकात असेल ती. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) थोडंसं अडखळत सरकायला हवं.

मॅग्नेटवर 'एफ' अशीही एक खूण असते. ती ठिणगीची. घाईत 'एफ'लाच 'टी' समजून टॅपेट किंवा टायमिंग लावलेल्या गाड्या येतात, तेव्हा अक्षर पुसून, नीट उजेडात वाचा.

तिसरा टप्पा: ढिलाई डोळ्यांनी बघणं

हेडच्या डाव्या बाजूचं गोल झाकण काढा. काही गाड्यांत ते हेडच्या आरपार जाणाऱ्या एका लांब बोल्टावर असतं. आत कॅमचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) आणि त्यावरची चेन दिसेल.

मॅग्नेट हळूच पुढे-मागे हलवा, अगदी थोडं. चेन आणि टेन्शनर ठीक असतील तर मॅग्नेट हलताच स्प्रॉकेटही हलतं. मॅग्नेट काही अंतर रिकामं फिरून मग स्प्रॉकेटला ओढ बसत असेल, तर तेवढी ढिलाई आहे. मॅग्नेट मागे फिरवायचं ते एवढ्या हलक्या चाचणीपुरतंच.

आता मॅग्नेट चालीच्या दिशेने फिरवा. या इंजिनात डावीकडून बघताना ती घड्याळाच्या उलटी असते, आणि बहुतेक मॅग्नेटवर बाणही असतो. 'टी' खूण जुळली की स्प्रॉकेटवरची 'ओ' खूण हेडवरच्या खाचेसमोर यायला हवी. फक्त 'टी'वर ती खाली दिसली तर आणखी एक फेरा द्या. 'ओ' खूण अर्ध्या दाताने मागे राहत असेल तर चेन झिजलेली आहे, टेन्शनर कितीही चांगला असो. पूर्ण एक दात मागे असेल तर चेनने उडी मारलीय किंवा मागच्या माणसाने टायमिंग चुकवलंय. अशी गाडी चालूही होते, पण ओढत नाही, ॲव्हरेज देत नाही, किकला कुरकुरते. ती तशीच दामटत राहिलात आणि चेनने आणखी दात सोडले, तर वाल्व पिस्टनला जाऊन धडकतो.

चौथा टप्पा: टेन्शनर, पहिला प्रकार

सीडी १०० च्या घराण्यात टेन्शनर इंजिनाच्या तळाशी, मॅग्नेटच्या बाजूला असतो. खालून एक मोठा बोल्ट, त्याच्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर दांडा, आणि तो दांडा आतल्या रोलरच्या पट्टीला ढकलतो. तेल काढायचा ड्रेन बोल्ट जवळच आहे. ड्रेन समजून टेन्शनरचा बोल्ट उघडणं नवख्यांकडून फार वेळा घडतं. ड्रेन बोल्ट मधल्या भागात, टेन्शनरचा डावीकडे. दोन्ही ओळखल्याशिवाय पाना लावू नका.

आधी तळ स्वच्छ करा. हे मी आग्रहाने सांगतो. आपली काळी माती पावसाळ्यात इंजिनाच्या बुडाला लिंपली जाते आणि उन्हाळ्यात तिथेच भाजून विटेसारखी होते. बोल्ट उघडताना तिचा खडा आत गेला की दांड्याच्या भोकात ओरखडे पडतात. पाण्याने भिजवा, लाकडी काडीने खरवडा, रॉकेलचा ब्रश मारा, कोरडं पुसा. बोल्टाच्या डोक्यावर पाना पूर्ण बसला पाहिजे. माती भरलेल्या डोक्यावर अर्धवट बसलेला पाना कोपरे गोल करतो.

मग पायऱ्या अशा:

१. इंजिन थंड, तेल काढलेलं, 'टी' खूण जुळलेली. इथून पुढे काम संपेपर्यंत किक मारायची नाही, मॅग्नेट फिरवायचं नाही. टेन्शनर नसताना चेन दात सोडू शकते.

२. खाली स्वच्छ थाळी ठेवा. बोल्ट हळू सोडा. स्प्रिंगच्या जोराने तो खाली येईल, मागोमाग तेल आणि दांडा. दांडा अडकला असेल तर ओढाताण करू नका, केसवर बाजूने रबरी हातोडीची हलकी टिचकी द्या.

३. दांड्याच्या तोंडाचं रबर बघा. खोल चर पडलेला, तडे गेलेले, दगडासारखं कडक झालेलं असेल तर दांडा बदला. दांड्यातला तेलाचा छोटा वाल्व गाळाने चिकटला असेल तर रॉकेलमध्ये धुऊन मोकळा होतो का बघा. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून उंची ताडून पाहा. थकलेली स्प्रिंग बुटकी दिसते.

४. स्वच्छ दांडा बोटाने भोकात वर सारा. थोडंसं वर जाऊन पट्टीला टेकला आणि लवचीक वाटला, तर चेनला अजून आयुष्य आहे, दोष स्प्रिंगचा किंवा दांड्याचा. दांडा खूप वर जात राहिला तर चेन झिजलीय किंवा रोलर खाल्ला गेलाय. तेव्हा नुसता दांडा बदलून पैसे वाया जातील.

५. बसवताना दांडा चांगल्या तेलात बुडवा, स्प्रिंग लावा, बोल्टाखाली नवा वॉशर घाला. बोल्ट हाताने पूर्ण आत गेला पाहिजे, मगच पाना. ॲल्युमिनिअमचे आटे एकदा गेले की काम वाढतं. गेलेच, तर लेथवाल्याकडे स्लीव्ह बसवून आटे नवीन पाडता येतात. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे छत्रपती संभाजीनगरात चांगले टर्नर सहज सापडतात. लातूर, नांदेड, जालन्यालाही चौकशी केली तर मिळतील.

दुसरा प्रकार: सिलेंडरच्या मागे

२००० च्या आगेमागे आलेल्या सीबीझेड, पल्सरसारख्या उभ्या सिलेंडरच्या गाड्यांत टेन्शनर सहसा सिलेंडरच्या मागे, कार्बुरेटरच्या खाली दोन बोल्टांवर बसवलेला असतो. मध्ये एक टोपी-बोल्ट. याच्या आतही दोन जाती आहेत.

स्क्रूवाल्या जातीत टोपी-बोल्ट काढला की आत खाच दिसते. बारीक सपाट स्क्रू ड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने फिरवलं की दट्ट्या (चेनच्या पट्टीला ढकलणारा दांडा) आत येतो. तो तसाच धरून ठेवायला पत्र्याची छोटी किल्ली कापून घ्या. टेन्शनर बसवून दोन्ही बोल्ट आवळल्यावर किल्ली काढायची, दट्ट्या आपोआप बाहेर पडून चेनला टेकतो.

दातेवाल्या जातीत टोपी-बोल्टामागे स्प्रिंग असते. आधी टोपी आणि स्प्रिंग काढा, नंतर दोन बोल्ट. दट्ट्यावरची छोटी कळ दाबून तो पूर्ण आत ढकला. रिकामं धड सिलेंडरवर बसवून बोल्ट आवळा आणि मग स्प्रिंग व टोपी लावा. दट्ट्या पुढे जाताना कट-कट ऐकू येईल.

दोन्ही जातींत एक चूक गाडी मोडते: बाहेर आलेला दट्ट्या आत न घेता टेन्शनर तसाच लावून बोल्टांनी ओढून बसवणं. दट्ट्याला मागे यायची सोय नसते, त्यामुळे सगळा जोर चेनवर आणि टेन्शनरच्या कानांवर (बोल्टांच्या भोकांच्या कडांवर) येतो. कान तुटतो, नाहीतर चेन तारेसारखी ताठ होऊन कॅमच्या बेरिंगला खाते. टेन्शनरचं तोंड सिलेंडरला आपोआप टेकत नसेल तर थांबा, दट्ट्या पुन्हा आत घ्या.

टेन्शनर हातात असतानाच त्याची परीक्षा करा. गाडीवरून काढताना दट्ट्या किती बाहेर होता त्याची खूण करा. जवळजवळ संपूर्ण बाहेर असेल तर जागा संपली, चेन किंवा आतली पट्टी बदलायची. अर्ध्याहून कमी बाहेर असूनही चेन वाजत होती, तर टेन्शनरच अडकलाय. आता दट्ट्या बाहेर सोडून अंगठ्याने जोरात दाबा. तो मागे जाता कामा नये. गेला, तर टेन्शनर निकामी. आत-बाहेर करताना मध्येच अडखळत असेल तर रॉकेलमध्ये धुवा, तेलाचे दोन थेंब द्या, तरी अडखळला तर नवा घ्या. हे ६ मिमीचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरवर आवळायचे असतात. टॉर्क पाना नसेल तर छोटा रिंग पाना टोकाऐवजी मध्यावर धरा, म्हणजे हात जास्त जोर लावू शकत नाही.

तिसरा प्रकार आपल्याकडे क्वचित दिसतो: सत्तरच्या दशकातल्या आयात होंडा सीबी गाड्यांचा हाताने लावायचा टेन्शनर. पुस्तकात दिलेल्या जागी क्रँक आणायची, लॉक नट सोडायचा, आतली स्प्रिंग स्वतः चेनचा ताण घेते, नट पुन्हा आवळायचा. स्क्रू ड्रायव्हर घालून दट्ट्याला हाताने ढकलू नका. ताण किती हवा ते स्प्रिंगला ठरवू द्या.

चेन बदलायची वेळ आलीच तर

पहिल्यांदा हे काम जाणत्या मिस्त्रीच्या सोबतीने करा. मॅग्नेट काढायला पुलरच (ओढून काढायचं हत्यार) हवा. हातोडीने ठोकून काढलेलं मॅग्नेट आणि क्रँकचे खराब झालेले आटे यांचा खर्च चेनपेक्षा कितीतरी जास्त असतो. कॅमचं स्प्रॉकेट सोडण्याआधी चेनला तार बांधून ठेवा, नाहीतर ती इंजिनातल्या चेनच्या बोगद्यात घसरते. नवी चेन त्याच तारेने ओढून घेता येते.

चेनसोबत रोलर, दांडा आणि स्प्रिंग बदला. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वळले असतील तर तेही. झिजलेले दात नव्या चेनला लवकर मारतात. नकली किटचे रोलर कडक होऊन लवकर फुटतात आणि त्यांचे तुकडे थेट तेलाच्या जाळीत जातात, म्हणून ओळखीच्या दुकानातून, बिलावर, कंपनीच्या पॅकिंगमधलं किट घ्या. शक्य असेल तर जुना रोलर सोबत न्या आणि नव्याशी ताडून बघा.

बसवल्यावर 'टी' आणि 'ओ' एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. टेन्शनर लावा, प्लग काढलेला असू द्या, आणि मॅग्नेट हाताने चालीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा. मध्ये कुठेही कठीण अडथळा लागला तर जोर लावू नका, वाल्व पिस्टनला टेकत असेल. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा बघा. जुळत असतील तरच झाकणं बसवा.

जुगाड नकोत

स्प्रिंगखाली वॉशर किंवा नाणं घालणं, स्प्रिंग ओढून लांब करणं, दातेवाला टेन्शनर वेल्डिंगने जाम करणं, आवाज लपवायला घट्ट तेल टाकणं. रस्त्यात अडकलेल्या माणसाची नड मी समजू शकतो, पण यातल्या प्रत्येकाने आवाज दबतो आणि झीज वाढते. चेन गरजेपेक्षा ताठ झाली की खडखड जाऊन 'कुंई' असा सुईसारखा आवाज येतो. गाडी शांत झाली असं वाटतं, पण रोलर, स्प्रॉकेट आणि कॅम तिघंही खाल्ले जात असतात. विकत घेतलेल्या जुन्या गाडीत असा आवाज आला तर टेन्शनर उघडून आत काय घातलंय ते बघा.

पहिल्यांदा चालू करताना

तेल भरा, काडीवर पातळी बघा. प्लगची कॅप काढून, ती इंजिनाच्या लोखंडाला टेकवलेल्या दुसऱ्या प्लगवर लावून काही किका मारा, म्हणजे ठिणगी सुरक्षित जागी पडेल आणि तेल वर पोचेल. मग चालू करा आणि संथ गतीवर ठेवा. तेलाच्या टेन्शनरमध्ये सुरुवातीला थोडी खडखड होईल, दांड्यात तेल भरलं की ती थांबते. मिनिटभरानंतरही वाजत असेल तर बंद करून पुन्हा तपासा. रेस देऊन आवाज घालवायचा प्रयत्न करू नका.

गाडी गरम झाल्यावर खालचा बोल्ट आणि हेडचं झाकण कोरड्या बोटाने पुसून तेल पाझरतंय का बघा. नवं किट बसवलं असेल तर सुमारे ५०० किलोमीटरनंतर तेल बदला, ते पुन्हा फडक्यातून गाळा, थंड इंजिनावर टॅपेट तपासा आणि गोल झाकण उघडून 'टी'वर 'ओ' खूण जागेवर आहे ना, ते बघून घ्या.